बिंदुप्रभारांचे विद्युत क्षेत्र

एका किंवा अनेक बिंदुप्रभारांमुळे, म्हणजे एका बिंदूत एकवटलेल्या मानलेल्या विद्युत प्रभारांमुळे, अवकाशातील ठरावीक ठिकाणी निर्माण होणारे विद्युत क्षेत्र काढण्याची ही रीत स्थिरविद्युतशास्त्राच्या पायाशी आहे. अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रात ती शिकवतात. तिचे सूत्र एका ओळीचे आहे. खरे काम दोन ठिकाणी असते : दिशा सांभाळून बेरीज करणे आणि कोणत्या प्रभाराला ‘बिंदू’ म्हणायचे हे ठरवणे. म्हणून या नोंदीत पाटीवरच्या उदाहरणासोबत खान्देशावर येणाऱ्या वळवाच्या ढगाचे गणितही मांडले आहे.

एखाद्या ठिकाणी अगदी लहान धन प्रभार ठेवला, तर त्याच्या प्रत्येक कूलोममागे (कूलोम हे प्रभाराचे एकक) जेवढे बल लागेल तेवढे तिथले विद्युत क्षेत्र. एकक न्यूटन प्रति कूलोम; व्होल्ट प्रति मीटर हे त्याचेच दुसरे रूप. शार्ल ऑगस्तँ द कूलोम यांनी पिळाच्या तराजूने मोजमापे करून १७८५ मध्ये व्यस्त वर्गाचा नियम मांडला. हेन्री कॅव्हेंडिश यांना तो आधीच गवसला होता, पण त्यांची टिपणे अप्रकाशित राहिली आणि १८७९ मध्ये मॅक्सवेल यांनी ती छापली. नियमानुसार एका बिंदुप्रभाराचे क्षेत्र असे मिळते :

क्षेत्र = स्थिरांक × प्रभार ÷ (अंतर × अंतर)

निर्वातात, आणि जवळजवळ तेवढाच हवेत, हा स्थिरांक सुमारे ९०० कोटी न्यूटन-वर्गमीटर प्रति वर्गकूलोम आहे. आकडा अवाढव्य आहे, कारण कूलोम हे एककच स्थिरविद्युतीच्या मानाने फार मोठे आहे; प्रयोगशाळेत नॅनोकूलोमचे, म्हणजे कूलोमच्या अब्जाव्या भागाचे, प्रभार हाताळले जातात. क्षेत्राची दिशा धन प्रभारापासून दूर आणि ऋण प्रभाराकडे असते.

प्रभार एकाहून अधिक असले की अध्यारोपण तत्त्व लागू होते. प्रत्येक प्रभार इतर प्रभार तिथे नसल्यासारखे आपले क्षेत्र देतो आणि एकूण क्षेत्र ही त्या सगळ्यांची सदिश, म्हणजे दिशा धरून केलेली, बेरीज असते. समजा, ६ सेंमी अंतरावर प्रत्येकी १० नॅनोकूलोमचे दोन धन प्रभार आहेत आणि त्यांच्या मध्यबिंदूच्या बरोबर वर ४ सेंमीवर क्षेत्र हवे आहे. दोन्ही प्रभार त्या ठिकाणापासून ५ सेंमीवर येतात. ५ सेंमी म्हणजे ०.०५ मीटर, त्याचा वर्ग ०.००२५; स्थिरांक × प्रभार येतो ९०, म्हणून प्रत्येकाचे क्षेत्र ९० ÷ ०.००२५ = ३६,००० न्यूटन प्रति कूलोम. इथे नुसती बेरीज करून ७२,००० लिहिले की गुण गेले. आडवे घटक समोरासमोर येऊन नाहीसे होतात; उभे घटक प्रत्येकी ३६,००० × ४/५ उरतात आणि उत्तर येते ५७,६००, सरळ वर. आता उजवा प्रभार ऋण करा. उभे घटक एकमेकांना खोडतात, आडवे मिळून ४३,२०० होतात आणि क्षेत्र डावीकडून उजवीकडे वळते. सूत्रात उणे चिन्ह घालायचे आणि वर आकृतीतला बाणही उलटा करायचा, ही दुहेरी चूक उत्तरपत्रिकांत सर्रास आढळते. प्रभाराचे फक्त मूल्य सूत्रात घ्यावे आणि दिशा आकृतीवरून ठरवावी, हे सर्वांत सुरक्षित.

प्रभाराचा आकार अंतराच्या मानाने नगण्य असेल तर त्याला बिंदू मानता येते. गोलावर सर्वत्र सारखा पसरलेला प्रभार गोलाबाहेर तंतोतंत केंद्रातल्या बिंदूसारखा वागतो. लांब तारेचे मात्र तसे नाही. भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रातून निघणाऱ्या तारांसारखी एक लांब तार घेतली, तर तिच्या प्रभाराचे क्षेत्र अंतराच्या वर्गाच्या नव्हे, नुसत्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटते.

मृगाच्या तोंडावर सातपुड्याच्या अंगाने चढणारा गडगडाटी ढग कित्येक किलोमीटर रुंद असतो. तरीही त्याला बिंदुप्रभारांत बसवण्याची रीत जुनी आहे; भौतिकशास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात विजांमुळे जमिनीवरील क्षेत्रात होणारे बदल मोजून ढगातील प्रभारांचे अंदाज बांधले. सोप्या प्रतिमानात खाली ५ किमी उंचीवर उणे ४० कूलोम आणि वर १० किमीवर अधिक ४० कूलोम धरतात. जमीन वाहक असल्याने प्रत्येक प्रभाराची विरुद्ध चिन्हाची प्रतिमा जमिनीखाली तेवढ्याच खोलीवर मानायची. ही प्रतिमा-प्रभारांची युक्ती विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांची.

असा ढग भुसावळच्या बरोबर डोक्यावर आहे असे धरू. खालचा प्रभार आणि त्याची प्रतिमा मिळून जमिनीवर २८,८०० व्होल्ट प्रति मीटर क्षेत्र वरच्या दिशेने देतात. वरची जोडी ७,२०० खालच्या दिशेने. निव्वळ क्षेत्र २१,६००, वर. जळगावच्या बाजूने निघालो की तिरकस अंतरे वाढतात आणि जवळच्या ऋण प्रभाराचा वरचष्मा झपाट्याने ओसरतो. साधारण १० किमीवर, साकेगाव मागे टाकून नशिराबादकडे येताना, दोन्ही जोड्यांची बरोबरी होऊन क्षेत्र शून्यावर येते आणि तिथून पुढे उलटते. सुमारे २४ किमीवरच्या जळगावात ढगाचे क्षेत्र खालच्या दिशेने १६५ व्होल्ट प्रति मीटरच्या आसपास निघते. निरभ्र दिवशीही जमिनीवर सुमारे १०० व्होल्ट प्रति मीटर क्षेत्र खालच्याच दिशेने असते. म्हणजे जळगावात ढगाचा वाटा नेहमीच्या क्षेत्रात भर घालतो. एकाच ढगाचे क्षेत्र दोन गावांत परस्परविरुद्ध दिशांचे असू शकते, आणि हे निव्वळ चार बिंदूंच्या बेरजेतून कळते. या गणिताचे मोल मला इथे सर्वांत जास्त वाटते.

ढगाखाली प्रत्यक्ष मोजलेले क्षेत्र मात्र बहुधा २१,६०० पेक्षा बरेच कमी भरते. बाभळीचे काटे, गवताची पाती, केळीच्या पानांच्या कडा अशा टोकदार जागी क्षेत्र एकवटते, तिथून हवेत प्रभार झिरपतो आणि जमिनीलगत त्याचा थर साचून वरच्या ढगाचा प्रभाव अडवला जातो. मोठ्या जलाशयावर अशी टोके नसल्याने पाण्याच्या पृष्ठाशी क्षेत्र जमिनीपेक्षा जास्त असते. साचलेला थर हिशेबात घ्यायचा तर बिंदूंची बेरीज पुरत नाही. प्रभाराची घनता घेऊन संकलन (इंटिग्रेशन) करावे लागते.