ट्रेबल बूस्टरचा टोन : सगळा खेळ एका कपॅसिटरचा

घरी बनवलेल्या ट्रेबल बूस्टरला, म्हणजे गिटारचा वरचा, टोकदार आवाज वाढवणाऱ्या पेडलला, टोनचा नॉब कुठे बसवायचा, हा प्रश्न पडतो कारण मूळ सर्किटमध्ये तो नॉब नव्हताच. १९६० च्या दशकाच्या मध्यात इंग्लंडमध्ये डॅलस कंपनीचा रेंजमास्टर निघाला. ॲम्प्लिफायरवर ठेवायचा राखाडी डबा, एक स्विच आणि बूस्टचा एकच नॉब. त्या काळचे व्हॉल्व्हचे (काचेच्या नळ्यांचे) ॲम्प्लिफायर बोथट वाजत. व्हॉक्स कंपनीने आपल्या एसी३० ॲम्प्लिफायरसाठी वेगळे 'टॉप बूस्ट' आणले तेही त्याच तक्रारीपोटी.

आत मुलार्डचा ओसी४४ हा जर्मेनियमचा पीएनपी ट्रान्झिस्टर. बेस, एमिटर आणि कलेक्टर हे त्याचे तीन पाय. बेसला ४७० आणि ६८ किलोओहमचे रेझिस्टर, एमिटरला ३.९ किलोओहम व त्याला समांतर ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, कलेक्टरला १० किलोओहमचा पॉट (नॉबने फिरणारा रेझिस्टर), आउटपुटला १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. इनपुटचा कपॅसिटर मात्र फक्त ५ नॅनोफॅरडचा. ट्रान्झिस्टरचा इनपुट अवरोध जेमतेम ९-१० किलोओहम असल्याने हा कपॅसिटर तीन-साडेतीन हजार हर्ट्झच्या खालचे सगळे हळूहळू कापत जातो. टोन ठरतो तो इथेच.

पुढच्या बदलांचा इतिहासही याच जागेभोवती फिरतो. ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी इओमीने आपल्या बूस्टरमध्ये फेरफार करून घेतले होते. क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे पुढे सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरकडे वळला. इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीचे एलपीबी-१ आणि स्क्रीमिंग बर्ड ही जवळपास एकाच सर्किटची दोन उत्पादने. पहिल्यात कपॅसिटर मोठा, दुसऱ्यात लहान. नाव मात्र वेगळे!

बाजारात ५ नॅनोफॅरड सहसा मिळत नाही. ४७२ छापलेला ४.७ चा घ्यावा, कानाला फरक कळत नाही. २२ (२२३) लावला की मधला पट्टा भरतो, १०० (१०४) लावला की ट्रेबल बूस्टर उरतच नाही, सरळ बूस्टर होतो. नॉबच हवा असेल तर ४.७ कायम ठेवा आणि त्याला समांतर ४७ नॅनोफॅरड (४७३) व १०० किलोओहमचा लॉग पॉट (सुरुवातीला हळू आणि नंतर झपाट्याने वाढणारा) एकापाठोपाठ जोडा. पॉटची पहिली व मधली पीन वापरली की उजवीकडे फिरवल्यावर आवाज टोकदार होतो, डावीकडे जाड. लिनिअर (सारख्या प्रमाणात वाढणारा) पॉट घेतला तर सगळा फरक डाव्या टोकाच्या बोटभर फिरवण्यात उरकतो आणि नॉब बिघडल्यासारखा वाटतो. पॉटऐवजी स्विचने कपॅसिटर बदलणार असाल तर स्विचच्या पिनांमध्ये २.२ मेगओहम टाका, नाहीतर दर वेळी स्पीकरमध्ये 'ठप्प' होते.

सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो आउटपुटच्या कपॅसिटरवर. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचे इनपुट १ मेगओहमचे असते. तिथे १० नॅनोफॅरडची कापणी १६ हर्ट्झवर येते, म्हणजे तो कितीही मोठा केला तरी ऐकू काही येत नाही. खान्देशात मात्र गिटार काय नि बँजो काय, बहुधा मिक्सरलाच लागतो. लाइन इनपुट १० किलोओहमचे असेल तर बूस्ट पूर्ण असताना हाच कपॅसिटर सुमारे ८०० हर्ट्झखालचे कापू लागतो. एकावर दुसरी चाळणी, आणि आवाज पत्र्यासारखा. तिथे १ मायक्रोफॅरड लावावा.

दुसरी अडचण उन्हाची. जर्मेनियममधली गळती (नको असताना वाहणारा प्रवाह) दर १० अंशांना साधारण दुप्पट होते. पावसाळ्यात २५ अंशांना जुळवलेला पेडल मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या ४५ अंशांत चौपट गळतो. कलेक्टरवर साधारण ७ व्होल्ट हवेत. ते खाली घसरतात, आवाज फाटतो, खरखर वाढते. लोक टोनला दोष देतात आणि कपॅसिटर बदलत बसतात. ६८ किलोओहमच्या जागी ३३ किलोओहम व ५० किलोओहमचा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा पॉट) एकापाठोपाठ लावून, मल्टिमीटर कलेक्टरला धरून, दुपारी पुन्हा ७ व्होल्टवर आणावे. जुन्या रेडिओतून काढलेले एसी१२८ ट्रान्झिस्टर चालतात, पण गळती तपासूनच. डाग देताना पायाला चिमटा लावून उष्णता ओढून घ्यावी, नाहीतर चांगला तुकडाही हातचा जातो.

उन्हाचा त्रासच नको म्हणून बीसी१०९ हा सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर बसवला तर तो एनपीएन, म्हणजे पीएनपीच्या उलट्या ध्रुवांचा आहे: बॅटरी आणि इलेक्ट्रोलिटिक (अधिक-उणे टोके असलेले) कपॅसिटर उलटे करावे लागतात. त्याचा गेन (सिग्नल वाढवण्याची ताकद) मोठा, त्यामुळे इनपुट अवरोधही वाढतो आणि तोच ४.७ नॅनोफॅरड आता बराच खालचा आवाज आत सोडतो. मूळचा तिखटपणा हवा असेल तर २.२ नॅनोफॅरडपासून सुरुवात करावी. आणि पीएनपीच ठेवलात तर त्याचा पॉझिटिव्ह ग्राउंडला असतो. इतर पेडलच्या ॲडॅप्टरवर तो जोडू नये, सरळ शॉर्ट होतो. त्याला स्वतःची ९ व्होल्टची बॅटरी द्यावी. पाव मिलिअँपिअरच्या आसपास खाणाऱ्या सर्किटला ती महिनोन्‌महिने पुरते.