कॉड मासा आणि सागरी जलराशी

उत्तर अटलांटिक महासागराच्या थंड पाण्यात राहणाऱ्या अटलांटिक कॉड या माशाची संख्या काही वर्षे भरमसाट वाढते आणि काही वर्षे ओसरते. या चढउतारामागे मासेमारीबरोबरच सागरी प्रवाह आणि जलराशी यांचा मोठा वाटा असतो. तापमान आणि क्षारता यांमुळे ज्याची घनता शेजारच्या पाण्याहून वेगळी असते आणि जे त्यात सहजी मिसळून जात नाही, अशा विस्तीर्ण जलसाठ्याला जलराशी म्हणतात. कॉड भारताच्या किनाऱ्यावर सापडत नाही. मराठी घरांना तो ठाऊक आहे तो कॉडलिव्हर ऑइलच्या बाटलीमुळे आणि पुढे आलेल्या पिवळ्या गोळ्यांमुळे.

पूर्ण वाढलेला कॉड शेकडो किलोमीटर पोहून हवे तसे पाणी शोधू शकतो, पण त्याची अंडी आणि डिंभ (अंड्यातून नुकतीच बाहेर पडलेली पिल्ले) सर्वस्वी पाण्याच्या स्वाधीन असतात. मोठी मादी एका हंगामात लाखो अंडी सोडते आणि त्यांतली जवळजवळ सगळी वाया जातात. त्यामुळे जगण्याच्या प्रमाणात अगदी किंचित फरक पडला, तरी काही वर्षांनी जाळ्यात येणाऱ्या मासळीत तो कितीतरी पटींनी दिसतो.

हा संबंध सर्वांत स्पष्ट दिसतो तो नॉर्वेच्या लोफोटेन बेटांजवळ. नॉर्वे आणि रशिया यांच्या उत्तरेकडील बॅरेंट्स समुद्रात वाढलेला कॉड हिवाळ्यात दक्षिणेकडे निघतो आणि फेब्रुवारी ते एप्रिल या काळात येथे अंडी घालतो. त्या वेळी वरच्या थरात किनाऱ्यालगतचे थंड व कमी क्षारतेचे पाणी असते, तर खाली अटलांटिकचे उबदार व अधिक खारे पाणी असते. या दोहोंच्या मधल्या, साधारण ४ ते ६ अंश सेल्सिअस तापमानाच्या पट्ट्यात मासे दाटीने गोळा होतात. वाऱ्याची दिशा बदलली की हा पट्टा वर किंवा खाली सरकतो आणि मासेही त्याच्याबरोबर सरकतात. त्यामुळे काल ज्या खोलीवर भरघोस मासळी लागली, तेथे आज जाळे रिकामे येऊ शकते. जेमतेम दीड मिलिमीटरचे अंडे पाण्याहून हलके असल्याने वर तरंगत येते आणि दोन-तीन आठवड्यांत त्यातून सुमारे ४ मिलिमीटर लांबीचा डिंभ बाहेर पडतो. जवळची पिवळ्या बलकाची शिदोरी काही दिवसांतच संपते. तोवर कॅलॅनस या सूक्ष्म कवचधारी प्राण्याची पिल्ले आसपास पुरेशी नसतील, तर डिंभ उपाशी मरतो. जे तगतात त्यांना नॉर्वेचा किनारी प्रवाह आणि त्याच्या शेजारून वाहणारा अटलांटिक प्रवाह उत्तरेकडे वाहून नेतात, आणि शरद ऋतूपर्यंत ते बॅरेंट्स समुद्रात पसरून तळाकडे उतरू लागतात. अटलांटिक पाण्याचा ओघ जोरात असेल, तर बॅरेंट्स समुद्रात ऊब आणि कॅलॅनस दोन्ही अधिक पोहोचतात. म्हणून तेथे कॉडच्या भरघोस पिढ्या बहुधा उबदार वर्षांत निपजल्या आहेत. अर्थात प्रत्येक उबदार वर्ष भरघोस ठरत नाही.

माशांच्या पिढ्या लहानमोठ्या का होतात, याची उकल नॉर्वेजियन शास्त्रज्ञ योहान योर्ट यांनी १९१४ मध्ये नेमक्या याच दोन कारणांनी केली: डिंभांना पहिल्या आहाराच्या वेळी पडणारा उपवास आणि प्रवाहाने त्यांना भलतीकडे वाहून नेणे.

मात्र भलतीकडे वाहून जाणे दर वेळी तोट्याचेच असते असे नाही. आइसलँडभोवती जन्मलेले काही डिंभ इर्मिंगर प्रवाहाबरोबर ग्रीनलँडला पोहोचतात, तेथे वाढतात आणि प्रौढ झाल्यावर त्यांतले बरेच अंडी घालण्यासाठी आइसलँडला परततात. १९२०च्या दशकात पश्चिम ग्रीनलँडचे पाणी उबदार झाले, तेथे कॉड मुबलक झाला आणि १९६०च्या दशकाच्या आरंभी वार्षिक पकड ४ लाख टनांच्या पुढे गेली. त्याच दशकाच्या अखेरीस थंड, कमी क्षारतेच्या पाण्याची एक प्रचंड राशी आर्क्टिककडून खाली आली आणि उत्तर अटलांटिकभर फिरत राहिली. ग्रीनलँडमधील कॉडचे साठे बेसुमार मासेमारी आणि थंडी यांच्या कैचीत कोसळले.

कॅनडाच्या पूर्वेकडील न्यूफाउंडलंड बेटाचे उदाहरण अधिक वादग्रस्त आहे. लॅब्राडोर प्रवाह तेथील समुद्रबूड जमिनीवर थंड पाणी आणतो. उन्हाळ्यातही मधल्या थराचे तापमान शून्य अंशाखाली राहते. १९६८ मध्ये सुमारे ८ लाख टनांवर गेलेली पकड पुढे घसरत गेली आणि २ जुलै १९९२ रोजी कॅनडा सरकारला मासेमारी थांबवावी लागली. त्याआधीची काही वर्षे विशेष थंड होती, त्यामुळे दोष समुद्राला देणे सोयीचे ठरले. परंतु याच माशाने पूर्वीच्या शतकांत अनेक थंड कालखंड पचवले होते. ट्रॉलरांनी वयस्क मासे उपसून काढल्यावर तीच थंडी त्याला झेपली नाही, असे म्हणणे अधिक सयुक्तिक आहे.

ब्रिटन आणि नॉर्वे यांच्यामधला उत्तर समुद्र कॉडच्या अधिवासाच्या उबदार सीमेजवळ असल्याने तेथे परिणाम उलटा होतो. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून पाणी तापले, कॅलॅनसच्या थंड पाण्यातील जातीची जागा उबदार पाण्यातील जातीने घेतली आणि कॉडच्या डिंभांना वसंतात हवा असलेला आहार कमी झाला.

बाल्टिक समुद्रात प्रश्न तापमानापेक्षा अंडे तरंगण्याचा आहे. वरचे पाणी इतके गोडसर आहे की अंडी त्यात बुडतात. क्षारता एक हजार भागांत सुमारे ११ भाग होईल त्या खोलीवर ती थांबतात, पण नेमका तोच थर अनेकदा प्राणवायूविना कोंडलेला असतो. वादळी पश्चिमी वाऱ्यांनी उत्तर समुद्राचे खारे, प्राणवायुयुक्त पाणी डेन्मार्कच्या सामुद्रधुन्यांतून आत लोटले, तरच बॉर्नहोल्म बेटाजवळच्या खोलगट भागात अंड्यांना जगण्याजोगी जागा तयार होते. १९८३ ते १९९३ या काळात असा मोठा लोट आलाच नाही आणि कॉड झपाट्याने घटला. डिसेंबर २०१४ मध्ये अतिशय मोठा लोट आला, तरीही पूर्व बाल्टिकमधील साठा सावरला नाही. २०१९ मध्ये युरोपीय संघाला तेथील कॉडची मासेमारी तातडीने थांबवावी लागली.