किलोंबोतल्या बाळंतपणांचा इतिहास

ब्राझीलमध्ये गुलामगिरीतून पळालेल्या आफ्रिकी माणसांनी वसवलेल्या वस्त्यांना किलोंबो म्हणतात. सतराव्या शतकातलं पाल्मारेस त्यांतलं सर्वांत मोठं. 1694 मध्ये ते पाडलं गेलं आणि पुढच्याच वर्षी त्याचा नेता झुंबी मारला गेला. बाकीच्या वस्त्या डोंगरदऱ्यांत, नद्यांच्या आडोशाला राहिल्या. पाठलाग करणाऱ्याला सापडू नये अशीच जागा त्यांनी हेरलेली असे. आज तिथल्या गरोदर बाईला दवाखाना लांब पडतो, त्याचं मूळ या आडजागी आहे.

मळ्यावरच्या गुलाम बाईचं मूल जन्मतःच मालकाचं होई. त्यातही 1850 साल निर्णायक ठरलं. त्या सप्टेंबरात आफ्रिकेतून गुलाम आणण्यावर कडक बंदी आली. त्यानंतर नवा गुलाम कायदेशीरपणे मिळण्याची एकच वाट उरली, ती म्हणजे बाईची कूस. त्याच महिन्यात जमीन कायदा झाला आणि सरकारी जमीन फक्त विकत घेऊनच मिळेल असं ठरलं. पैसा नसलेल्यांना त्याने कायमचं बेदखल केलं.

28 सप्टेंबर 1871 च्या कायद्याने गुलाम बाईच्या पोटी जन्मलेलं मूल स्वतंत्र ठरवलं. अट मात्र अशी, की आठ वर्षांपर्यंत ते मालकाकडेच राहील. पुढे मालकाने सरकारकडून भरपाई घ्यावी किंवा मुलाला एकविसाव्या वर्षापर्यंत राबवावं. बहुतेकांनी राबवणंच पसंत केलं. रिओच्या वर्तमानपत्रांत दुधाळ दाया भाड्याने देण्याच्या जाहिराती छापून येत. श्रीमंताच्या मुलाला पाजणाऱ्या त्या बाईचं स्वतःचं तान्हं पुष्कळदा तिच्यापासून तोडलेलं असे. मला हा सगळ्या इतिहासातला सर्वांत क्रूर भाग वाटतो.

13 मे 1888 ला गुलामगिरी संपली, पण किलोंबोपर्यंत डॉक्टर काही पोहोचला नाही. तिथे पिढ्यान्‌पिढ्या बाळंतपण केलं ते गावच्या सुईणीने, पार्तेइराने. बहुधा ती आई-आजीकडून शिकलेली, स्वतः अनेक पोरांची आई असलेली असे. कळा सुरू झाल्या की ती घरी येई, पोट चोळी, काढा देई, नाळ कापी आणि नंतर बाळंतिणीवर लक्ष ठेवी. चाळीस दिवस जड काम नाही, गार वारा नाही, कोंबडीचा रस्सा आणि मऊ अन्न. मराठी घराला यातलं काहीच परकं वाटणार नाही. बाळाची नाळ अंगणाजवळ पुरत. तिच्या हातून जन्मलेली मुलं मोठेपणीही तिचा आशीर्वाद मागत.

या दिवसांना सोनेरी मुलामा देऊ नये. नवजात धनुर्वाताला ब्राझीलमध्ये ‘सात दिवसांचं दुखणं’ असं नाव होतं, इतका तो घराघरांत ओळखीचा होता. बाळ आडवं आलं किंवा रक्तस्राव थांबेना, तर बाईला झोळीत घालून मैलोन्‌मैल नेणं एवढाच उपाय उरे.

1988 च्या संविधानाने किलोंबोंच्या जमिनीचा हक्क मान्य केला आणि सर्वांसाठी मोफत सार्वजनिक आरोग्यसेवेचा पायाही घातला. लसी आल्या, गरोदरपणातली तपासणी आली, बाळंतपण हळूहळू शहरात गेलं. आजी घरी बाळंत झाली, तर नात रुग्णालयात, आणि पुष्कळदा पोटावर टाके घेऊन. ब्राझीलमध्ये निम्म्याहून अधिक बाळंतपणं सिझेरियनने होतात. सोबतीला आपलं माणूस असण्याचा हक्क 2005 च्या कायद्याने दिला.

पण रुग्णालयाच्या दारात रंगाचा भेद भेटला. 2011-12 च्या राष्ट्रीय पाहणीच्या आकडेवारीत आढळलं, की योनीमार्गाला छेद देताना काळ्या बायकांना स्थानिक भूल गोऱ्या बायकांपेक्षा कमी वेळा दिली गेली. रिओजवळ 2002 मध्ये अलीने पिमेंतेल ही सहा महिन्यांची गरोदर काळी तरुणी वेळेवर उपचार न मिळाल्याने दगावली. ती किलोंबोतली नव्हती, पण तिची केस या बायकांचीही ठरली. 2011 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या स्त्री-भेदभावविरोधी समितीने ब्राझीलला जबाबदार धरलं.

2022 च्या जनगणनेत किलोंबोवासी पहिल्यांदा वेगळे मोजले गेले. ते 13 लाखांहून अधिक भरले आणि त्यांतले आठांपैकी सुमारे सात जण अधिकृत हद्द ठरलेल्या भूभागांबाहेर राहतात. 2024 मध्ये सरकारने माता-बाल आरोग्य योजनेला अलीनेचं नाव दिलं आणि त्याच वर्षी पारंपरिक सुईणींच्या ज्ञानाची राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद झाली. आपल्या कामाला नियमित मानधन मिळावं, ही या सुईणींची जुनी मागणी आहे.