सीनेचा पूर माळावर सुरू होतो

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदी पात्र सोडून सोलापूर जिल्ह्यातल्या माढा-मोहोळच्या उभ्या पिकांत शिरली. एरवी याच भागात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. ही दोन दुखणी मला वेगळी वाटत नाहीत. पाणी शिवारात थांबत नाही, हे दोन्हींचं मूळ.

हिशेब करून पाहा. एका एकरावर ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे २ लाख लिटर पाणी, १० हजार लिटरचे २० टँकर! ते मुरलं तर ज्वारीला ओल आणि विहिरीला पाझर. वाहून गेलं तर बांध फोडून ओढ्यात, ओढ्यातून सीनेत. सगळ्या ओढ्यांचे लोंढे एकाच वेळी नदीत उतरले की पाणी गावात येतं.

यात काळ्या मातीचा स्वभाव फार महत्त्वाचा. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिला पाऊस त्यांतून थेट खाली उतरतो. पण तिच्यातली चिकणमाती भिजली की फुगते, भेगा मिटतात, मुरण्याचा वेग एकदम मंदावतो. मग जोराची सर आली की पाणी मातीसकट पळतं. अशा जमिनीला मुरवायला वेळ द्यावा लागतो. सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्रात या प्रश्नावर १९३० च्या दशकापासून काम चालू आहे. रब्बीच्या रानात पावसाळ्याच्या तोंडी बंदिस्त वाफे करायचे, पडेल ते पाणी तिथेच जिरू द्यायचं आणि त्या ओलीवर सप्टेंबरात मालदांडी ज्वारी पेरायची. ज्वारीसाठीचा हा उपाय ओढ्याचा लोंढाही कमी करतो.

मुरमाड माळावर हे काम गवत करतं. थेंबाचा मार पातीवर बसतो, मुळांच्या वाटांनी पाणी आत जातं. नान्नजच्या अभयारण्यातलं गवत माळढोकाइतकंच पाण्याच्याही उपयोगाचं आहे.

ओढा जेसीबीने सरळ केला की आपल्या गावाला बरं वाटतं. वळणं गेल्यामुळे तेच पाणी खालच्या गावावर लवकर जाऊन आदळतं.

जमीन आधीच तुडुंब झाली असताना अतिवृष्टी झाली, तर वाफे आणि गवत पूर अडवू शकत नाहीत, हे मान्य करायलाच हवं. पण एरवीच्या मोठ्या पावसात ते पुराची पातळी खाली आणतात आणि दिवाळीनंतरही विहिरीत पाणी ठेवतात. पूर ओसरला की आपल्याकडे नदीकाठच्या भिंतींची चर्चा सुरू होते. सीना हत्तरसंग-कुडलला भीमेला मिळते. तिचं पाणी अडवायच्या जागा मात्र तिथून कितीतरी वर, अहिल्यानगर, बीड आणि धाराशिवच्या माळांवर आहेत.