ऑटिझमची जनजागृती आणि तिच्यावरचे आक्षेप : पार्श्वभूमी

२००७ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमधल्या जाहिरातफलकांवर आणि मासिकांच्या पानांवर खंडणीच्या चिठ्ठ्या झळकू लागल्या. मूल पळवून नेणारे धाडतात तशाच भाषेत. ‘तुमचा मुलगा आमच्या ताब्यात आहे. जिवंत असेपर्यंत त्याला स्वतःचं काही करता येणार नाही, चार माणसांत मिसळता येणार नाही, याची तजवीज आम्ही करू. ही तर नुसती सुरुवात आहे.’ खाली सही : ऑटिझम, म्हणजे मेंदूच्या वाढीतलं असं वेगळेपण, ज्यामुळे बोलणं, मिसळणं, वागणं इतरांहून निराळं होतं. अशाच चिठ्ठ्या ॲस्पर्जर सिंड्रोम (ऑटिझमच्याच जातकुळीतलं निदान), एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) आणि नैराश्य यांच्या नावानेही होत्या.

ही मोहीम न्यूयॉर्क विद्यापीठाच्या चाइल्ड स्टडी सेंटरने काढली होती. मुलांच्या या अडचणींकडे वेळेवर कुणी लक्ष देत नाही, म्हणून लोकांना खडबडून जागं करायचं, हा केंद्राचा हेतू. पण त्या रस्त्यावरून जाणाऱ्यांत ऑटिझम असलेली वाचती माणसंही होती, हे जाहिरात लिहिताना कुणाच्या ध्यानात आलेलं दिसत नाही. ‘ऑटिस्टिक सेल्फ ॲडव्होकसी नेटवर्क’ ही संस्था त्याच्या आदल्याच वर्षी, २००६ मध्ये सुरू झाली होती. ती चालवणारे लोक स्वतः ऑटिस्टिक होते. तिचा सहसंस्थापक ॲरी नीमन जेमतेम विशीतला. त्याने निषेधाचं पत्र फिरवलं, अपंगांच्या इतर संघटना त्याच्या पाठीशी उभ्या राहिल्या, पालकांचाही एक गट आला आणि तीन आठवड्यांच्या आत फलक उतरवले गेले.

नेमक्या त्याच आठवड्यात, १८ डिसेंबर २००७ रोजी, त्याच शहरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने कतारने मांडलेला ठराव मंजूर केला आणि २ एप्रिल हा जागतिक ऑटिझम जागृती दिन ठरला. जगाला जागं करायचं ठरलं, पण जागं करताना बोलायचं काय, यावरचं भांडण तोवर रस्त्यावर आलेलं होतं.

हे भांडण समजून घ्यायचं तर आधी पालकांच्या जखमेकडे पाहावं लागतं. अमेरिकेतले बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांच्या निरीक्षणांवरून ऑटिझमचं पहिलं ठळक वर्णन प्रसिद्ध केलं. पुढे १९४९ मध्ये त्यांनीच या मुलांच्या आईवडिलांच्या थंडपणाकडे बोट दाखवलं. ही मुलं जणू कधीच न वितळणाऱ्या फ्रिजमध्ये ठेवलेली आहेत, असं लिहिलं. मुलांच्या मानसशास्त्रावर लिहिणारे ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ मध्ये पुस्तक लिहून ही कल्पना घराघरांत नेली. नाझी छळछावणीत काढलेले दिवस त्यांनी स्वतः भोगलेले, आणि या मुलांच्या घरच्या वातावरणाची तुलना त्यांनी त्या छावण्यांशी केली. निदान झालं की आईच्या वाट्याला मदत येत नसे, आरोप येत असे. अमेरिकी नौदलात मानसशास्त्रज्ञ असलेले बर्नार्ड रिमलंड यांना स्वतःला ऑटिस्टिक मुलगा होता. त्यांनी १९६४ मध्ये ऑटिझम जैविक आहे, आईच्या मायेशी त्याचा संबंध नाही, असं मांडलं आणि पुढच्याच वर्षी पालकांची राष्ट्रीय संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला.

ब्रिटनमध्ये पालकांची संघटना १९६२ मध्येच स्थापन झाली होती. तिचं बोधचिन्ह १९६३ मध्ये जेरल्ड गॅसन या सभासद पालकाने काढलं : कोड्याचा एक तुकडा आणि त्याच्या आत रडणारं मूल. हा तुकडा पुढे जगभर पसरला. बिल्ल्यांवर, फितींवर, मोटारींच्या काचांवर तो इतका दिसू लागला की त्याच्या आतलं मूल कधीकाळी रडत होतं, याचा लोकांना विसर पडला. ते चिन्ह काढणाऱ्यांनी मुलांचा अपमान केला, असं मी म्हणणार नाही. ज्यांना डॉक्टर दोषी ठरवत होते, शाळा दारातून परत पाठवत होत्या, त्यांनी आपलं दुःख कागदावर उतरवलं. पण ते दुःख पालकांचं होतं आणि नाव लागलं मुलाचं. पुढच्या साऱ्या वादाचं मूळ मला इथे दिसतं.

ऑटिस्टिक माणसांनी हे पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत सुनावलं १९९३ मध्ये, टोरांटोच्या एका परिषदेत. जिम सिंक्लेअर यांनी समोर बसलेल्या पालकांना सांगितलं, की तुम्ही ज्या मुलासाठी रडता ते मूल कधी जन्माला आलेलंच नव्हतं; जे जन्माला आलं ते तुमच्यासमोर आहे आणि त्याला तुमची गरज आहे. ऑटिझम नसता तर बरं झालं असतं, असं म्हणताना आपण त्या मुलाच्या जागी दुसरंच कुणी मागत असतो, हा त्यांचा मुद्दा अनेकांच्या जिव्हारी लागला. सिंक्लेअर काही ऑटिझममध्ये अडचणी नाहीतच, असं म्हणत नव्हते. आपलं रडणं मुलाच्या कानावर घालू नका, एवढंच त्यांचं मागणं होतं.

ते मागणं जाहिरातींपर्यंत पोचलं नाही. २००५ मध्ये अमेरिकेत ‘ऑटिझम स्पीक्स’ ही संस्था स्थापन झाली. संस्थापक बॉब राइट हे एनबीसी या बड्या टीव्ही कंपनीचे प्रमुख, नातवाचं निदान झाल्यावर पत्नी सुझॅन यांच्यासह यात उतरलेले. टीव्हीची ताकद हाताशी असल्याने त्यांचा आवाज सर्वांत मोठा झाला. २००६ मध्ये त्यांनी पालकांच्या रोजच्या ओढाताणीवर एक लघुपट काढला. त्यात संस्थेतच काम करणारी एक आई कॅमेऱ्यासमोर सांगते, की मुलीला गाडीत घालून पुलावरून खाली झोकून द्यावं, असं एकदा मनात आलं होतं. दुसरी मुलगी घरी होती म्हणून तसं केलं नाही. हे ती बोलत असताना ती ऑटिस्टिक मुलगी त्याच खोलीत वावरताना दिसते. त्या आईच्या थकव्याबद्दल मला शंका नाही. चित्रीकरण पाहून, कापून, जोडून ते लोकांसमोर नेणाऱ्यांपैकी एकालाही त्या मुलीकडे बघून थांबावंसं वाटलं नाही, याचा राग मात्र येतो.

२००९ च्या सप्टेंबरात याच संस्थेची आणखी एक चित्रफीत आली. तिच्यात ऑटिझम स्वतःच घोगऱ्या आवाजात धमकावतो : तुमचा संसार मोडीन, तुम्हाला कंगाल करीन. निदर्शनं झाली आणि तीही मागे घेतली गेली. पुढच्या वर्षी इमारती निळ्या दिव्यांनी उजळण्याची मोहीम सुरू झाली. ती दिसायला निरुपद्रवी, पण तोवर त्या निळ्या रंगाला संस्थेच्या नावाचा वास लागला होता. त्याला उत्तर म्हणून कुणी लाल कपडे घालू लागलं, कुणी सोनेरी रंग घेतला. २०११ पासून ऑटिस्टिक कार्यकर्त्यांनी एप्रिलला ‘जागृती’ऐवजी ‘स्वीकृती’चा महिना म्हणायला सुरुवात केली. दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, अमेरिकेतल्या जुन्या ऑटिझम सोसायटीनेही, म्हणजे रिमलंड यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या पालकांच्या संघटनेनेही, तेच नाव घेतलं. ऑटिझम स्पीक्सनेही २०१५ मध्ये प्रथमच ऑटिस्टिक व्यक्तींना संचालक मंडळावर घेतलं आणि २०१६ मध्ये आपल्या उद्दिष्टांतून ‘बरं करणं’ वगळलं.

इथे गोष्ट संपत नाही, कारण आक्षेप आता उलट्या बाजूनेही येतात. ज्यांचं मूल पंचविशीतही बोलत नाही, स्वतःचं डोकं भिंतीवर आपटतं, रात्र रात्र झोपत नाही, असे पालक विचारतात, की हसऱ्या चेहऱ्यांच्या आणि संगणकात हुशार तरुणांच्या या नव्या जाहिरातींत आमचं पोर कुठे आहे? अमेरिकेत अशा कुटुंबांनी २०१९ मध्ये वेगळी संघटना काढली. २०२१ च्या अखेरीस ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने, ज्यांना जन्मभर चोवीस तास सोबत लागते त्यांच्यासाठी ‘गंभीर ऑटिझम’ अशी वेगळी ओळख सुचवली. असं वेगळं काढलं की ही माणसं पुन्हा संस्थांच्या चार भिंतींत ढकलली जातील, अशी भीती ऑटिस्टिक कार्यकर्त्यांपैकी अनेकांना वाटते. त्यांच्यातही न बोलणारे, टाइप करून आपलं म्हणणं मांडणारे लोक आहेत. त्यामुळे बोलणारे विरुद्ध न बोलणारे, अशी सरळ फाळणी करता येत नाही.

आपल्याकडे हा वाद उशिरा आणि अर्धवट पोचला. १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझमचं नावही नव्हतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आलं आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पक्कं झालं. तोवर पालकांना आधी ‘हे असं काही असतं’ एवढंच पटवून द्यावं लागत होतं, त्यामुळे जागृती या शब्दावर इथे फारसं कुणी अडून बसलं नाही. २ एप्रिलला निळे फुगे, फेऱ्या, शाळांतली भाषणं होतात. पण मराठी घरांत पालक सर्वांत जास्त विचारतात तो प्रश्न वेगळाच असतो : आमच्या माघारी याचं कोण करणार? मूल अठरा वर्षांचं झालं की त्याच्यासाठी कायदेशीर पालक नेमता येतो. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली त्यासाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते आणि तिच्यावर जिल्हाधिकारी असतात. तिच्याकडे अर्ज कसा करायचा, हे एप्रिलच्या फलकांवर छापायला हवं.