एकशे तीन अंशांवर सुटणारा चुंबक

नवी मुंबईतल्या घणसोली, कोपरखैरणे, ऐरोली या पट्ट्यात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलामुलींच्या सामानात हल्ली एक वस्तू हमखास दिसते, ती म्हणजे विजेवरचा भाताचा छोटा कुकर. घरमालक सिलिंडर ठेवू देत नाही, मेसच्या डब्याचा वीट आलेला असतो आणि महापेच्या कंपनीतली शिफ्ट कधी संपेल याचा भरवसा नसतो. तांदूळ धुवायचे, पाणी घालायचं, खटका खाली दाबायचा आणि अंघोळीला पळायचं. थोड्या वेळाने 'खट्ट' आवाज येतो, खटका वर उडतो, लाल दिवा जाऊन पिवळा लागतो. भात झालेला असतो.

शिट्टीचा कुकर लावला की शिट्ट्या मोजाव्या लागतात. इथे मोजायला काहीच नाही. साध्या एका खटक्याच्या कुकरला टायमर नसतो, आत कसली चिपही नसते. तरी अर्धा कप लावा नाहीतर तीन कप, कोलम लावा नाहीतर बासमती, तो ज्याच्या त्याच्या वेळेला थांबतो. कसा, ते एकदा समजलं की त्याची निगा कशी राखायची हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

सगळी करामत पाण्याची आहे. समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सियसला उकळतं, आणि भांड्यात मोकळं पाणी आहे तोवर तळाचं तापमान त्याच्या फारसं वर जात नाही. खालून कितीही उष्णता द्या, ती वाफ करण्यात खर्च होते. एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ व्हायला सुमारे २२६० ज्यूल लागतात. तेच पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत आणायला जेमतेम तीनशे पुरतात. दरम्यान ६० ते ८० अंशांच्या टप्प्यात तांदळातला स्टार्च पाणी पिऊन फुगलेला असतो. उरलंसुरलं पाणी दाण्यांत मुरलं किंवा वाफ होऊन गेलं, की उष्णतेला जायला वाट राहत नाही आणि भांड्याचा तळ भराभर शंभराच्या वर चढू लागतो. कुकर नेमकी ही चढण पकडतो.

ती पकडणारा भाग बघायचा असेल तर वायर काढलेल्या, गार कुकरमधून आतलं भांडं उचला. तापणाऱ्या तबकडीच्या मधोमध रुपयाएवढं एक गोल बटण दिसेल. बोटाने दाबलं तर ते स्प्रिंगवर खालीवर होतं. भांडं ठेवलं की हे बटण त्याच्या बुडाला चिकटून बसतं. बटणाच्या आत फेराइट नावाच्या, चुंबकाला चिकटणाऱ्या पदार्थाचा तुकडा असतो आणि त्याच्या खाली एक कायमचुंबक. आपण खटका दाबतो तेव्हा तो चुंबक वर सरकून फेराइटला चिकटतो आणि तबकडी तापवणाऱ्या कॉइलकडे वीज सुरू होते.

कोणताही चुंबकीय पदार्थ एका ठरावीक तापमानाच्या वर गेला की त्याचं चुंबकत्व नाहीसं होतं. पिएर क्युरी यांनी १८९५मध्ये आपल्या प्रबंधात याचा पद्धतशीर अभ्यास मांडला, म्हणून त्या तापमानाला क्युरी बिंदू म्हणतात. लोखंडाचा क्युरी बिंदू ७७० अंशांच्या आसपास आहे. फेराइटमधल्या धातूंचं प्रमाण बदलून तो हवा तिथे आणता येतो, आणि कुकरच्या बटणातला फेराइट साधारण १०३ अंशांसाठी बनवलेला असतो. तळाने ती रेषा ओलांडली की फेराइट चुंबकाला धरून ठेवू शकत नाही, स्प्रिंग चुंबकाला खाली ओढते, खटका उडतो. ना वेळेचा हिशेब, ना वजनाचा.

म्हणूनच संध्याकाळी व्होल्टेज २३० वरून २०० वर आलं तरी भात बिघडत नाही. कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने कमी होते, म्हणजे जवळपास पाव भाग घटते. भाताला वेळ जास्त लागतो इतकंच, थांबण्याची खूण तीच राहते. मध्येच लाइट गेली तर खटका खालीच राहतो आणि लाइट आली की शिजणं पुढे चालू. हा कुकर माथेरानला नेला तर तिथे, सुमारे ८०० मीटर उंचीवर, पाणी ९७ अंशांच्या आसपास उकळेल. पाणी संपल्यावर १०३ गाठायला किंचित जास्त चढावं लागेल, बाकी फरक नाही.

या कल्पनेचा पहिला यशस्वी अवतार जपानमधला. १९५५च्या डिसेंबरात तोशिबाने बाजारात आणलेला स्वयंचलित कुकर योशितादा मिनामी या छोट्या कारखानदाराने घडवला होता आणि भात शिजवून बघण्याच्या चाचण्या त्याची पत्नी फुमिको हिने केल्या होत्या. त्यात चुंबक नव्हता. दोन भांडी एकात एक होती, बाहेरच्या भांड्यात थोडं पाणी घालायचं आणि ते आटलं की तापमान उसळून दोन धातूंची पट्टी वाकून वीज तोडायची. युक्ती वेगळी, पण भिस्त पाण्यावरच. जपानची आणखी एक आठवण आपल्या डब्यात येते: कुकरसोबतचा प्लास्टिकचा कप १८० मिलिलिटरचा असतो, हे तिथलं तांदूळ मोजायचं जुनं माप. भांड्यावरच्या पाण्याच्या रेघा त्या कपाच्या हिशेबाने आखलेल्या असतात. घरच्या वाटीने तांदूळ आणि रेघेने पाणी घातलं, तर भात गिचका होणार किंवा टचटचीत राहणार. शिवाय रेघेला जुना-नवा तांदूळ कळत नाही. दिवाळीनंतर वाशीच्या दाणाबाजारात नवा तांदूळ येतो, त्याला पाणी जरा कमी घालावं. मुरलेला जुना तांदूळ जास्त पितो.

आता भाताखेरीज काय काय चालेल? १०३ अंशांचा नियम लावला की उत्तर मिळतं. उकडलेली अंडी, रताळी, चाळणी ठेवून वाफवलेल्या भाज्या, गणपतीत चार-पाच उकडीचे मोदक, सगळं झकास, कारण खाली पाणी असतं. तूरडाळ मात्र रेंगाळते. शिट्टीच्या कुकरमध्ये दाबामुळे पाणी १२० अंशांच्या जवळ उकळतं, इथे शंभरच. मुगाची डाळ भिजवून लावा, ती शिजते.

दाट खिचडी आणि खीर या फसव्या. वर पाणी दिसत असतं, पण दाट मिश्रण नीट फिरत नाही, तळाचा थर तिथेच बसून तापतो आणि पदार्थ अर्धाकच्चा असतानाच खटका उडतो. उपाय सोपा: पाणी जास्त, मधूनमधून ढवळणं, साखर शेवटी.

फोडणीच्या वेळी तर कुकर हटूनच बसतो. नुसत्या तेलात पाणी नाही, तळ क्षणात १०३च्या पुढे जातो आणि मोहरी तडतडायच्या आत खटका वर. मग सुपीक डोकी खटक्याखाली चमच्याचा दांडा किंवा कागदाची घडी अडकवतात, की तो उडूच नये. असे व्हिडिओही फिरतात. हे अजिबात करू नये. तो खटका म्हणजे कुकरचं डोकंच. ते दाबून ठेवलं की खाली उरते फक्त तापत राहणारी कॉइल, जिला कुठे थांबायचं ते माहीत नाही. फोडणी वेगळ्या कढल्यात करून वरून ओता, मसालेभातही तसाच करा.

कॉइल अशी मोकाट सुटली तर तिला आवरायला आत आणखी एक राखणदार असतो, थर्मल फ्यूज. हीटिंग प्लेटजवळ, बहुतेक वेळा पांढऱ्या नळीत घातलेली, बोटाच्या पेराएवढी ही वस्तू साधारण १७० अंशांच्या आसपास कायमची तुटते. एकदा गेली की गेली, कुकर मेल्यासारखा होतो. दुरुस्तीवाला अशा वेळी बिनदिक्कत म्हणतो, "फ्यूज काढून डायरेक्ट करून देतो, चालेल." कुकर चालतो हे खरं. पण पुढच्या वेळी चुंबक अडकला, तर कॉइल आणि प्लास्टिकच्या बुडामध्ये कुणीच उभं नसेल. त्याच तापमानाचा नवा फ्यूज काही मोठ्या किमतीचा नसतो, तोच घालून घ्यावा. आणि तो का गेला हेही विचारावं.

बहुतेकदा उत्तर घाणीत असतं. भांड्याच्या बुडाला चिकटलेलं एक शित घ्या. त्यामुळे भांडं तबकडीपासून मिलिमीटरभर उचललं जातं आणि मध्ये हवा शिरते. अ‍ॅल्युमिनियम उष्णता जितकी वाहून नेतं, त्याच्या हजारो पट कमी स्थिर हवा नेते. म्हणजे तबकडी तापत बसते, भांड्यात उष्णता पोचत नाही, बटणाला खरी खबर लागत नाही. एका बाजूला करपलेला आणि दुसऱ्या बाजूला कच्चा भात झाला की आधी बूड उलटं करून बघा. भांडं आपटून पोचा आला असेल तरी हेच होतं, आणि मग भांडं बदलण्याला पर्याय नाही. ठेवताना भांडं दोन्ही बाजूंना जरासं फिरवून बसवायची सवय चांगली.

बुडावरचं पाणीही तितकंच त्रासदायक. तांदूळ धुवून ओलं भांडं तसंच आत ठेवलं की थेंब चरचरत खाली उतरतात. उतू गेलेली पेज बटणाच्या कडेने आत झिरपते, वाळते आणि स्प्रिंगला गोंदासारखी धरते. कुकर पूर्ण गार झाल्यावर, वायर काढून, घट्ट पिळलेल्या फडक्याने बटण आणि तबकडी पुसावी. करपलेला डाग सॅण्डपेपरने घासण्यापेक्षा ओलं फडकं थोडा वेळ ठेवून मऊ करावा. बाहेरचं अंग नळाखाली कधीही धरू नये. तांदूळ शक्यतो वेगळ्या पातेल्यात धुवावेत, नॉनस्टिक थरावर चरे पडत नाहीत आणि बूडही कोरडं राहतं.

विजेचं गणित थोडं सावकाश बघण्यासारखं आहे, कारण कुकर पेटल्याच्या तक्रारीत दोष पुष्कळदा कुकरचा नसून बोर्डाचा असतो. ७०० वॅटचा कुकर सुमारे ३ अँपिअर घेतो. ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटला हे झेपतं. पण खोलीत सॉकेट एकच, म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड येतो आणि त्यावर १५०० वॅटची किटलीही लागते. झाले साडेनऊ अँपिअर. आता हा सगळा प्रवाह ज्यातून जातो त्या बोर्डाच्या सैल बसलेल्या प्लगमध्ये समजा अर्धा ओहम विरोध आहे. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते: एकट्या कुकरला तिथे साडेचार वॅट निर्माण होत होते, दोघे मिळून ४५. धातू वितळवून तारा जोडायला २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न पुरते, इथे त्याच्या जवळजवळ दुप्पट उष्णता प्लास्टिकच्या आत, मुगाएवढ्या जागेत. पिन काळी पडलेली, प्लग हाताला गरम लागणारा, जळक्या प्लास्टिकचा वास, यातलं एक जरी दिसलं तर बोर्ड बदलायचा. खाडीकाठच्या खारट दमट हवेत पितळी पिना लवकर खराब होतात, हेही ध्यानात असू द्या. सिडकोच्या जुन्या घरांत राहणाऱ्यांनी तर अर्थिंग खरंच जोडलेलं आहे का, हे वायरमनकडून एकदा बघून घ्यावंच.

अर्थिंगशी जोडलेली एक पावसाळी गंमत. मे महिन्यात नीट चालणारा कुकर जुलैत लावला की घरातला आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, खाडकन पडतो. कॉइल म्हणजे धातूच्या नळीत नायक्रोमची तार असते आणि तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. ही पूड उष्णता जाऊ देते, वीज अडवते, पण हवेतला ओलावा शोषून घेते. नळीच्या टोकांची सीलं जुनी झाली की पावसाळ्यात ओल आत शिरते, किंचित वीज कुकरच्या अंगाकडे गळते, आणि ३० मिलिअँपिअरवर पडणारा आरसीसीबी आपलं काम करतो. यावर लोक प्लगची तिसरी पिन तोडतात. त्याने कुकर चालतो आणि गळती अर्थिंगऐवजी आपल्या हातातून जायला मोकळी होते. कुकर काही दिवस कोरड्या जागी ठेवावा आणि वायरमनकडून मेगर (वीज गळते का ते मोजायचं यंत्र) लावून तपासून घ्यावा. कोरडा होऊनही पडतच असेल तर तो भंगारात द्यायच्या लायकीचा झाला. माझं विचाराल तर आपल्या या हवेत साधा खटक्याचा कुकरच बरा. डिजिटल कुकरच्या सर्किटला ओलही नको असते आणि उबेला येणारी झुरळंही.

उबेवरून आठवलं. पिवळा दिवा म्हणजे 'बंद' नव्हे. बहुतेक साध्या कुकरना बंद करायचं बटणच नसतं, प्लग लावलेला असेपर्यंत ते भात ऊबदार ठेवत राहतात, साधारण ६५ ते ७५ अंशांना. त्यामागे शास्त्र आहे. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते उकळीलाही मरत नाहीत. भात ६० अंशांच्या वर असेल तर ते निपचित पडून राहतात. कोमट झाला की उगवतात, वाढतात, आणि त्यांच्यातले काही असं विष तयार करतात की ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. सकाळच्या कोमट भाताला रात्री कडकडीत फोडणी दिली तरी विष तिथेच. त्यामुळे सर्वांत वाईट पद्धत म्हणजे बिल वाचवायला प्लग काढायचा आणि झाकण लावून भात दिवसभर कुकरमध्येच ठेवायचा. नवी मुंबईतल्या मे महिन्यातल्या बंद खोलीत जिवाणूंना आणखी काय हवं?

पिवळ्या दिव्यावरही भात तीन-चार तासांपेक्षा जास्त ठेवण्यात अर्थ नाही, तो वाळतो आणि पिवळट पडतो. उरलेला भात ताटात पसरून लवकर गार करावा आणि तास-दोन तासांत फ्रिजमध्ये ठेवावा. खोलीत फ्रिज नसेल तर एकावेळचाच लावावा. ४०० वॅटचा कुकर अर्धा तास चालला तर ०.२ युनिट होतं, रात्री पुन्हा अर्धा कप लावायला तेवढीच वीज आणि तेवढाच वेळ.