आय ॲम लेजंड

अमेरिकी लेखक रिचर्ड मॅथेसन (१९२६–२०१३) यांची १९५४ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी. विज्ञानकथा आणि भयकथा या दोन्ही प्रवाहांत ती अभिजात मानली जाते. महासाथीत लॉस एंजेलिसमधली माणसे एक तर मेली आहेत किंवा रक्त पिणारे व्हॅम्पायर झाली आहेत. एकटा उरला आहे रॉबर्ट नेव्हिल. कथा जानेवारी १९७६ ते जानेवारी १९७९ या काळात घडते. म्हणजे तेव्हाच्या वाचकासाठी ते जेमतेम बावीस वर्षांवरचे भविष्य होते.

व्हॅम्पायर म्हटले की दूरदेशीचा पडका वाडा आणि उमराव डोळ्यांपुढे येतो. मॅथेसन यांनी ते भय साध्या घरांच्या गल्लीत आणले. नेव्हिलचा दिवस उजेडावर बेतलेला आहे: खिडक्यांच्या फळ्या ठोकायच्या, लसणाच्या माळा बदलायच्या, लेथवर लाकडी खुंट्या तासायच्या, दिवसा झोपलेल्या व्हॅम्पायरांना शोधून मारायचे. अंधार पडला की बेन कॉर्टमन दाराशी येऊन त्याला नावाने हाक मारतो आणि बाहेर बोलावतो. हा बेन त्याचा जुना शेजारी, रोज बरोबर कामाला जाणारा. हाक ऐकू येऊ नये म्हणून नेव्हिल संगीताच्या तबकड्या मोठ्याने लावतो, व्हिस्की पितो. एकदा पत्नीच्या थडग्यापाशी असताना घड्याळ बंद पडल्याचे त्याच्या उशिरा लक्षात येते. घर लांब, सूर्य कललेला. नुसत्या थांबलेल्या काट्यांनी एवढी धडकी भरवणारी पाने भयसाहित्यात थोडी असतील.

या कादंबरीचे वेगळेपण तिच्या कारणमीमांसेत आहे. नेव्हिल वाचनालयातली पुस्तके धुंडाळतो, सूक्ष्मदर्शक मिळवतो आणि रक्तात जंतू शोधून काढतो. हा जंतू धुळीच्या वादळांतून पसरला. शरीरात तो हवेविना जगतो. खुंटी ठोकल्यावर आत हवा शिरली की तोच शरीर खाऊन टाकतो. व्हॅम्पायरांना वाटणारी क्रूसाची भीती मात्र मनातली आहे, म्हणून ज्यू असलेला कॉर्टमन क्रूसाला न घाबरता तोरा या ज्यूंच्या धर्मग्रंथाला घाबरतो. दंतकथेतली एकेक खूण अशी प्रयोगशाळेच्या टेबलावर येते.

मध्येच एक कुत्रा भेटतो. जखमी, बुजरा, पण दिवसाउजेडी हिंडणारा. त्याचा विश्वास मिळवायला नेव्हिल दूध, पाणी, मांस ठेवत दिवसचे दिवस दाराबाहेर बसतो. एकटेपणा म्हणजे काय, हे या प्रकरणाइतके कुठेच कळत नाही. अखेर कुत्रा घरात येतो, पण तोही लागण झालेला निघतो. त्याचे मरण मॅथेसन एका छोट्या वाक्यात सांगतात आणि पुढे जातात.

शेवट सांगितल्याशिवाय शीर्षकाचा अर्थ लागत नाही. लागण होऊनही औषधावर जगणाऱ्या काहींनी नवा समाज उभारलेला असतो. नेव्हिलवर पाळत ठेवायला आलेली रूथ त्यांच्यातलीच; तिच्या नवऱ्याला नेव्हिलनेच मारलेले असते. दिवसा येऊन झोपेत जीव घेणारा हा माणूस त्या समाजाचा राक्षस आहे. पकडला गेल्यावर खिडकीखालच्या गर्दीच्या डोळ्यांत तो स्वतःविषयीची भीती पाहतो, आणि आता दंतकथा आपण आहोत हे त्याला उमगते.

कादंबरीवर तीन प्रमुख चित्रपट निघाले. ‘द लास्ट मॅन ऑन अर्थ’ (१९६४) कथेला सर्वांत जवळचा, तरी पटकथा न रुचल्याने मॅथेसन यांनी श्रेयनामावलीत लोगन स्वॉन्सन हे टोपणनाव दिले. ‘द ओमेगा मॅन’ (१९७१) पुष्कळच वेगळा आहे. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो यांनी ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) या चित्रपटामागची प्रेरणा म्हणून याच कादंबरीचे नाव घेतले. आजच्या झोंबीपटांचे, म्हणजे चालत्या प्रेतांच्या भयपटांचे, मूळ असे इथवर पोचते. तिसऱ्या, २००७ च्या चित्रपटात विल स्मिथचा नेव्हिल न्यूयॉर्कमध्ये राहतो. त्यासाठी दोन शेवट चित्रित झाले होते. त्यांतल्या एकात नेव्हिलला समोरच्यांच्या नजरेतून स्वतःचे रूप दिसते. चित्रगृहांत मात्र दुसरा दाखवला गेला, ज्यात तो मानवजातीसाठी प्राण देणारा वीर ठरतो.